चौकट

फॉर्मात एक लहानशी चौकट होती :
स्वतःसाठी अपघात विमा तुमच्याकडे आधीच आहे का?
हेरंबनं ‘आहे’वर बोट ठेवलं.
नव्हता.
तीनशे आणि वर काही रुपये वाचले,
त्यांची त्याच संध्याकाळी नया बाजारातून गजक आणली,
खिडकीत बसून दोघांनी खाल्ली.
खुसखुशीत होती. खोटं कशाला बोलू.

मग जानेवारी.
मालनपूरची सकाळची शिफ्ट, गोला का मंदिरपासून पुढे
धुकं असं, की स्वतःचा हातसुद्धा
कुणा दुसऱ्याचा वाटावा.
रेतीची ट्रॉली मधोमध उभी.
मागे दिवा नाही, नंबर नाही,
नंबराच्या जागी पिवळ्या रंगात – ‘माँ का आशीर्वाद’.

आशीर्वादाचा हप्ता कुणी भरतं का?

हाडांच्या डॉक्टरांनी मला
आधी सळयांची किंमत सांगितली,
हाडाचं नंतर.
आणि मग सळयाही लागल्या नाहीत,
गुडघ्याच्या खाली काही उरलंच नव्हतं.

दौलतगंजात घारपुरेकाकांच्या टेबलावर
मी पॉलिसी उलटी-सुलटी करून पाहिली.
काका म्हणाले, शरयू, हा विमा
तू ज्याला ठोकशील त्याच्यासाठी.
तुला जो ठोकेल, त्यानं त्याचा काढायचा.
म्हटलं, आणि नसेल काढला त्यानं?
काकांनी चष्मा काढला,
धोतराच्या सोग्यानं पुसला,
परत घातला.
‘त्यासाठीच तर ती चौकट असते गं.’

चार वर्षं कोर्टात.
पंखा एकच, तो न्यायाधीशांकडे तोंड करून.
शेवटी आकडा मिळाला, चांगला भरघोस आकडा;
मी तो पर्समध्ये घालून हिंडले,
किराणावाल्याला काही दाखवता येईना.
वकील म्हणाले, विमा कंपनी असती तर चेक आला असता,
आता मालकाकडून वसूल करा.

मालक बानमोरच्या पलीकडे.
तहसीलचा माणूस पुढे, मी मागे,
माझ्या मागे हेरंब, त्याचा नवा पाय अजून करकरत होता.
लाखननं खाट टाकली. त्याच्या आईनं ताक दिलं,
त्यात जिरं भाजून घातलेलं.
ट्रॅक्टर दारातच उभा,
पण कागदावर मेहुण्याचा.
‘जिज्जी, बीमे के पैसे धरे थे,
मोड़ी की फीस में चले गए।’
मुलगी दाराआड उभी. गणवेश इस्त्रीचा.
मला राग यायला हवा होता.
मला गजक आठवली.

निघताना विचारलं, आता तरी काढलास?
तो म्हशीकडे बघत राहिला.
म्हैस माझ्याकडे.

आता हेच रस्ते आहेत.
पडाव पुलावर रोज मी स्कूटीवरून
किती जणांच्या शेजारून जाते,
कुणाच्या खिशात कागद, कुणाच्या नुसताच देव,
बाहेरून सगळे सारखेच हॉर्न वाजवतात.
पुढच्याच्या शहाणपणावर आपले पाय
कुणी ठेवावेत?
आम्ही ठेवले होते.

काल माझं नूतनीकरण आलं.
तीच चौकट. तोच प्रश्न.
मी ‘नाही’ लिहिलं, जे खरं होतं तेच,
आणि पैसे भरले, वरचे, सगळे.
घारपुरेकाकांनी आणखी एक पुरवणी सांगितली,
हातपाय गेला तर, कामावर जाता आलं नाही तर,
मारणाऱ्याकडे कागद असो वा नसो.
तीही घेतली. घासाघीस केली नाही.
काकांनाच जरा वाईट वाटलं.

हेरंब काही बोलला नाही.
संध्याकाळी काठी टेकत खाली गेला,
पाऊण तासानं आला.
हातात कागदाची पुडी, पाव किलो.
‘तुझ्या नाहीचे,’ म्हणाला.

खिडकीत बसलो.
तीळ दातांत अडकले.